मोगऱ्याचा हिवाळा

चैत्र-वैशाखातील संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी किंवा औरंगपुरा भागातून जाताना मोगऱ्याचा गंध पावले क्षणभर थांबवितो. उन्हाने तापलेल्या या शहराला निसर्गाने दिलेली ही सर्वांत शीतल देणगी होय. दिवाळी उलटली की गच्चीवरच्या कुंडीतील तोच मोगरा मुका होतो. कळ्या थांबतात, नवी पालवी फुटेनाशी होते आणि खालची पाने पिवळी पडून गळू लागतात. घरातील ज्येष्ठांना त्याचे नवल वाटत नाही. मोगरा हे उष्णतेचे झाड आहे आणि थंडी ही त्याच्या विश्रांतीची वेळ आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

मात्र गेल्या काही दशकांत मोगऱ्याचा हिवाळा या शहराच्या सीमेपुरता राहिलेला नाही. व्यापारी घराण्यांतील मुलेमुली शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने न्यू जर्सी, टोरांटो, लंडन येथे स्थायिक झाली. उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेले आईवडील तेथील रोपवाटिकेतून हौसेने मोगऱ्याचे रोप आणतात, चार महिने त्याची निगा राखतात आणि थंडीपूर्वी मायदेशी परततात. मागे उरते ती कुंडी आणि दिवसभर कामात गुंतलेली मुलगी किंवा सून. नोव्हेंबरात झाडाची पाने गळतात, जानेवारीत केवळ काड्या उरतात आणि एके दिवशी ती कुंडी अपराधी मनाने कचऱ्यात रिकामी केली जाते. वास्तविक पाहता त्यांतील कित्येक झाडे त्या दिवशी जिवंत असतात. त्यांना काय हवे होते, हे समजून घेणे कठीण नाही.

थंडी झाडाचे काय करते?

थंड प्रदेशातील झाडांना हिवाळ्याची पूर्वसूचना मिळते. दिवस लहान होऊ लागले की ती वाढ थांबवितात, पेशींमध्ये शर्करा साठवितात आणि गोठणाऱ्या थंडीला तोंड देण्यास सज्ज होतात. मोगरा, जास्वंद, अडेनियम यांच्या पूर्वजांना अशा थंडीशी सामना करण्याची वेळच आली नाही. त्यामुळे ही तयारी त्यांच्या स्वभावात नाही.

तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिले की या झाडांच्या पेशींची आवरणे कडक होतात, मुळे पाणी ओढण्यात मंदावतात आणि पाने निस्तेज होतात. तापमान शून्याखाली गेले तर पेशींच्या बाहेरील पाण्याचे बर्फ होते आणि ते बर्फ पेशींच्या आतील पाणी शोषून घेते. आवरणे फाटतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडले की पाने उकडल्यासारखी काळी व लिबलिबीत दिसतात. झाड गारठून मरते असे आपण म्हणतो; शास्त्रीयदृष्ट्या ते बर्फाच्या सान्निध्यात पाण्यावाचून मरते.

मराठवाड्यात अशी वेळ क्वचितच येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरील या शहरात उत्तरेकडील थंड वारे पोचले की किमान तापमान एक आकडी होते. येथील जुन्या नोंदींमध्ये २ फेब्रुवारी १९११ रोजी पारा २ अंशांपर्यंत उतरल्याचे आढळते. नाशिक जिल्ह्यातील निफाड तर राज्यातील नीचांकी तापमानासाठी प्रसिद्धच आहे. तेथील द्राक्षबागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवितात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. ओल्या जमिनीत उष्णता अधिक साठते आणि धुराचे आच्छादन ती उष्णता आभाळाकडे निसटू देत नाही, हे त्यामागचे तत्त्व होय.

फ्लॉरेन्समधील मोगरा

मोगऱ्याला परक्या थंडीत जगविण्याची धडपड आजची नाही. १७ व्या शतकाच्या अखेरीस इटलीतील टस्कनीचा अधिपती, मेदिची घराण्यातील तिसरा कोसिमो, याच्याकडे गोव्याहून दुहेरी पाकळ्यांचा मोगरा पोचला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. साधारण त्याच काळात, १६८२ साली, औरंगजेब आपल्या शहरी येऊन दाखल झाला होता आणि येथील उद्याने, ज्यांची खूण आजही हिमायतबागेच्या रूपाने उरली आहे, बारमाही उघड्या आभाळाखाली डोलत होती. फ्लॉरेन्समध्ये मात्र हिवाळ्याच्या रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. म्हणून शहराजवळील कास्तेल्लो येथील राजवाड्याच्या उद्यानात या झाडांसाठी खास उबदार घर उभारण्यात आले. त्याचे नाव ‘स्तूफा देई मुगेरिनी’. ‘मुगेरिनो’ या इटालियन शब्दात आपला ‘मोगरा’ सहज ऐकू येतो. फूल गेले तेव्हा सोबत त्याचे नावही गेले. पुढे या वाणास ‘टस्कनीचा ग्रँड ड्यूक’ असे भारदस्त नाव मिळाले आणि आज जगभरातील रोपवाटिकांत तो त्याच नावाने विकला जातो.

या फुलाभोवती टस्कनीत एक लोककथा सांगितली जाते. राजाने जाईच्या कुळातील आपल्या दुर्मीळ झाडाची फांदी बाहेर नेण्यास सक्त मनाई केली होती. राजवाड्यातील एका माळ्याने ती आज्ञा मोडून एक फांदी आपल्या प्रेयसीस दिली. तिने ती जमिनीत लावली, जगविली, तिची रोपे विकली आणि त्या पैशावर दोघांचा संसार उभा राहिला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील व्यवहारज्ञान पक्के आहे. जे एकाच दारी कुलूपबंद राहते ते एका रात्रीच्या हिमाने नष्ट होऊ शकते. जे वाटले जाते ते टिकते.

मोगऱ्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. बहुपाकळी मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. त्याचा वंश चालतो तो केवळ कलमांवर. आपल्या गच्चीवरील बटमोगरा हा कुणाच्या तरी अंगणातील झाडाच्या फांदीचा, ते झाड त्याआधीच्या एखाद्या झाडाच्या फांदीचा विस्तार असतो. या साखळीत एकही हिवाळा वगळता येत नाही. झेंडू किंवा झिनिया गेला तर पुडीतील बी पुढच्या वर्षी पेरता येते. मोगऱ्याचे खाते मात्र एकदा बंद झाले की त्या वंशापुरते कायमचे बंद होते.

युरोपात अशा झाडांसाठी मोठमोठी वास्तुशिल्पे उभी राहिली. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यातील नारंगीगृह १६८४ ते १६८६ या काळात बांधले गेले. तेथील लाकडी पेट्यांतील नारंगीची झाडे आजही उन्हाळ्यात बाहेर आणि हिवाळ्यात आत नेली जातात. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाला आणि त्यानंतर राजेरजवाड्यांचे काचगृह मध्यमवर्गाच्या परसात आले. एका कराच्या बदलाने फुलांचे भाग्य कसे पालटते, हे व्यापारी वाचकांस वेगळे सांगावयास नको. आजच्या परदेशस्थ मराठी घरातील दक्षिणेकडची खिडकी ही याच परंपरेतील सर्वांत छोटे काचगृह होय.

आपल्या गच्चीवर

छत्रपती संभाजीनगरात मोगऱ्याला घरात नेण्याची आवश्यकता नाही. थोडी जागा बदलणे पुरेसे ठरते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या गच्चीवरील कुंड्यांची उष्णता थेट आभाळाकडे निघून जाते. त्याच कुंड्या दक्षिण किंवा पूर्व भिंतीलगत, छज्जाखाली वा शेडनेटखाली ठेवल्या तर भिंतीने दिवसभर शोषलेली ऊब रात्री त्यांना मिळते. थंडीची लाट आली असता संध्याकाळी जुन्या सुती साडीचे आच्छादन घालावे आणि सकाळी ऊन आल्यावर ते काढावे. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटू देऊ नये. पाणी सकाळी द्यावे, रात्री नव्हे.

नोव्हेंबरपासून खत थांबवावे. या काळात दिलेल्या नत्रयुक्त खताने कोवळी पालवी फुटते आणि थंडीचा पहिला फटका तिलाच बसतो. थंडी ओसरू लागली की, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, हलकी छाटणी करून शेणखत द्यावे आणि पाणी हळूहळू वाढवावे. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात. ज्याने हिवाळ्यात झाडाला निवांत राहू दिले, त्याच्याच दारी उन्हाळ्यात ते भरभरून बहरते.

परदेशातील घरात

तेथे प्रश्न तीन आहेत: थंडी, प्रकाश आणि कोरडी हवा. त्यांपैकी थंडीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरू लागले की कुंडी आत घ्यावी. टोरांटोकडे ही वेळ साधारणतः सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते, न्यू जर्सीत त्यानंतर थोड्या दिवसांनी. पहिल्या हिमाची वाट पाहू नये.

कुंडी आत नेण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, लाल कोळी हे पाहुणे बाहेर नगण्य असतात. बंद घरात मात्र त्यांची संख्या झपाट्याने वाढते. ज्या घरांत कीटकनाशकाची फवारणी नकोशी वाटते, तेथे ही आधीची दक्षताच महत्त्वाची. बाहेर उबदार दिवस असतानाच झाड साध्या पाण्याच्या धारेने पानांच्या खालच्या बाजूसह दोन-तीन वेळा धुवावे, वाळलेली पाने काढावीत आणि मगच ते घरात घ्यावे. कीड वाढू न देणे हे वाढलेली कीड मारण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

प्रकाशाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो. टोरांटोत तो सुमारे ९ तासांचा आणि लंडनमध्ये ८ तासांहूनही लहान असतो. त्या ऋतूत सूर्य दक्षिणेकडे कलून खालून जातो, म्हणून दक्षिणेकडील खिडकी सर्वांत उत्तम. तीही नसेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा लावावा. २० वॅटचा दिवा रोज १२ तास चालला तर महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागते. पाच महिन्यांचा हिशेब ३६ युनिटांचा होतो. हा खर्च एका नव्या रोपाच्या किमतीशी ताडून पाहण्याजोगा आहे. त्यात एक गोष्ट विसरू नये: तीन-चार वर्षांच्या झाडाची मुळे जेवढी फुले देतात, तेवढी दरवर्षी नव्याने विकत घेतलेले रोप देत नाही.

तिसरी अडचण कोरड्या हवेची. घर तापविणाऱ्या यंत्रणेमुळे हिवाळ्यात तेथील खोल्यांची हवा फार कोरडी होते. कुंडी गरम हवेच्या झोताजवळ किंवा रेडिएटरवर ठेवू नये. तसेच रात्री बर्फासारख्या थंड होणाऱ्या काचेला पाने टेकू देऊ नयेत. चारसहा कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर त्यांच्याभोवतीची हवा थोडी दमट राहते.

हे सारे करूनही पाने गळतात. उन्हाळ्यातील प्रखर उजेडासाठी वाढलेली पाने खिडकीच्या मंद प्रकाशात झाडाला परवडेनाशी होतात आणि ते त्यांचा भार कमी करते. मंदीच्या काळात शहाणा व्यापारी खर्च आटोपता घेतो, तसेच हे. ही पानगळ मरणाची खूण नव्हे.

पाण्याचे गणित

घरात ठेवलेला मोगरा हिवाळ्यात थंडीपेक्षा पाण्यानेच अधिक मरतो. पाने गळताना पाहून माणसाला वाटते की झाडाला तहान लागली आहे आणि प्रेमापोटी रोज पेलाभर पाणी घातले जाते. पाने कमी झाल्यामुळे झाडाची गरज मात्र घटलेली असते. मुळे मंद असतात, माती ओली राहते, तिच्यातील हवा संपते आणि मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून उरलेली पाने माना टाकतात. ते पाहून आणखी पाणी घातले जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की झाड वाचणे अवघड होते.

यावरील नियम सोपा आहे. बोट मातीत दोन पेरे खुपसावे. तेथे कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पाणी घरातील तापमानाचे असावे, नळाचे बर्फगार नसावे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. खत पूर्णपणे थांबवावे.

ज्या घरात पुरेसा उजेड देणे शक्य नाही, तेथे झाडाला जागे ठेवण्याचा अट्टहासही करू नये. बँकेत निष्क्रिय खाते बंद झालेले नसते. व्यवहार थांबलेले असतात, शिल्लक सुरक्षित असते. झाडाची सुप्तावस्था अशीच असते. १० ते १३ अंशांच्या थंड पण न गोठणाऱ्या खोलीत, अगदी थोड्या पाण्यावर, मोगरा काही महिने काढू शकतो. बोगनवेल तर पाने पूर्ण गाळून गॅरेजमध्ये जवळजवळ कोरड्या मातीत झोपते. फक्त तेथील पारा शून्याखाली जाता कामा नये. अडेनियमला ऊब अधिक लागते, पाणी मात्र नाममात्रच. डेलियाचे कंद पहिल्या हिमाने पाने काळी पडल्यावर काढून कोरड्या भुशात, थंड पण न गोठणाऱ्या जागी ठेवतात. अडेनियम आणि कण्हेर यांचा चीक विषारी असतो, म्हणून ही झाडे घरात ठेवताना ती लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्यावी.

आणि जानेवारीत केवळ काड्या उरल्या तर? खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे. वरची फांदी वाळलेली निघाली तर थोडे खाली, मुळाजवळ पाहावे. पुष्कळदा जीव तेथे थांबलेला असतो. मे महिना उलटेपर्यंत कोणतीही कुंडी रिकामी करण्याची घाई करू नये.

फेब्रुवारीच्या अखेरीस दिवस मोठा होऊ लागला की एक तृतीयांश छाटणी करावी आणि आवश्यक तर माती बदलावी. नवे कोंब दिसू लागल्यावर पाणी व खत वाढवावे. बाहेर नेण्याची घाई मात्र नको. कॅनडात मे महिन्याच्या उत्तरार्धात येणारा व्हिक्टोरिया दिन हा नाजूक झाडे बाहेर लावण्याचा पारंपरिक मुहूर्त मानला जातो. त्यानंतरही पहिले सातआठ दिवस कुंडी सावलीत ठेवून हळूहळू उन्हात सरकवावी, अन्यथा घरात वाढलेली पाने करपतात.

एका झाडाची दोन झाडे

सर्वांत स्वस्त विमा म्हणजे कलम. जून-जुलैत अर्धवट पक्व फांदीचा चारपाच इंचांचा तुकडा घेऊन, खालची पाने काढून, वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात लावावा. काही आठवड्यांत मुळे फुटतात. त्यांतील एक रोप स्वतःकडे ठेवावे आणि एक शेजाऱ्यास द्यावे. कोणतेही शहाणे कुटुंब सारे भांडवल एकाच दुकानात गुंतवीत नाही. एका घरातील हिटर बिघडला, कुणी सुट्टीत महिनाभर मायदेशी आले, तरी झाडाचा वंश दुसऱ्या खिडकीत शाबूत राहतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आपल्या अंगणातील मोगऱ्याची किंवा कढीपत्त्याची फांदी पिशवीत लपवून परदेशी नेण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा. मातीसह रोप नेण्यास अमेरिकेत बंदी आहे. मातीविरहित रोपालाही मूळ देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि विमानतळावर ते जाहीर करावे लागते. अन्य अनेक देशांचे नियम याहूनही कडक आहेत. हे नियम निष्कारण नाहीत. कढीपत्त्यावर राहणारी एक अतिसूक्ष्म कीड लिंबूवर्गीय फळबागांचा घातक रोग पसरविते आणि त्या रोगाने फ्लोरिडातील संत्र्याच्या बागांची मोठी हानी केली आहे. एका कुंडीच्या आनंदासाठी दुसऱ्याच्या बागेची हानी पत्करणे कुणालाच शोभणारे नाही. रोप तेथील रोपवाटिकेतूनच घ्यावे. तेथे विकल्या जाणाऱ्या मोगऱ्याची मुळे शोधत गेले तर वाट पुन्हा आपल्याच भूमीकडे येते.

ज्या घरांतील कर्ती पिढी समुद्रापार आहे, त्या घरांत फोनवर बोलण्याचे विषय हळूहळू आटत जातात. प्रकृती, हवामान आणि मुलांची शाळा यांपलीकडे संभाषण जात नाही. अशा वेळी खिडकीतील एक कुंडी दोन्ही पिढ्यांना एक सामाईक काम देते. आईला जे अनुभवाने ठाऊक आहे ते मुलीने विचारावे आणि मुलीच्या खिडकीतील उजेड किती, हे आईने समजून घ्यावे. जूनमध्ये त्या काड्यांवर पहिली कळी दिसते, तेव्हा तिचे छायाचित्र प्रथम कोणास पाठवायचे याचा विचार करावा लागत नाही.